मागच्या पडवीतली बंदूक

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

झोप येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, मनात येईल ते लिहीत जा. मी म्हटलं, इतकी वर्षं शाळेची बस चालवतेय, मनात येतं ते पोरांच्या अंगावर तिथल्या तिथे ओरडून टाकते, लिहायला शिल्लक काय राहणार? ते हसले. रोज लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. सांगण्यासारखं असेल तेव्हा लिहीन.

आज सांगण्यासारखं आहे. मार्नीला बंदूक हवी आहे.

मार्नी माझ्या धाकट्या भावाची, वेंडेलची मुलगी. वेंडेल गेल्या जानेवारीत गेला, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. तिची आई ओहायोत दुसरा संसार थाटून बसली आहे, नाताळाला फोन करते. मार्नीला आता बारा वर्षं पूर्ण झाली. शिकारीची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली आणि नाताळानंतरच्या मोसमात हरणामागे जायचं म्हणते. त्या मोसमात आमच्या पेनसिल्व्हेनियात काडतुसाची बंदूक चालत नाही. ठासणीचीच लागते, तीही चकमकीची. नळीच्या तोंडातून दारू ओता, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने खाली ठासा, आणि चाप ओढल्यावर गारगोटीची ठिणगी पडू दे म्हणून देवाचं नाव घ्या. वेंडेल फक्त याच मोसमात जायचा. बाकीच्या मोसमांना तो जत्रा म्हणायचा.

"बाबांची आहे ना, आत्या. नवी कशाला?" मार्नी म्हणाली.

"ती तुझ्यापेक्षा उंच आहे."

"मी वाढेन की."

"नाताळापर्यंत?"

तिने तोंड वाकडं केलं. अगदी बापासारखं करते.

वेंडेलची बंदूक जानेवारीपासून मागच्या पडवीत हरणाच्या खुरांच्या खुंट्यांवर टांगलेली आहे. ठासणीची बंदूक कोणी उबेत आणत नाही, नळीला घाम सुटतो आणि आतली दारू भिजते. मी तिला हात लावला नव्हता. आज उतरवली आणि गज नळीत सोडला. गजावर एक खाच आहे. बंदूक रिकामी असली की खाच नळीच्या तोंडाशी टेकते, भरलेली असली की दोन बोटं वर राहते. ती दोन बोटं वर राहिली.

म्हणजे वेंडेलचा शेवटचा बार अजून आत आहे. असणारच. तो वरच्या खोऱ्यात मोठ्या हेमलॉकच्या झाडाला टेकून बसलेला सापडला, मांडीवर बंदूक, एकही बार न उडवलेली. आधी हृदय, मग थंडी, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या घरात दोन गोष्टी पाळतात. पोराच्या पहिल्या मोसमाचा पहिला बार त्याने स्वतः भरायचा नाही, जो त्याला रानात पाठवतो त्याने भरायचा. आणि मोसमाच्या शेवटच्या संध्याकाळी आत जो बार असेल तो रानातच उडवून यायचं, भरलेली बंदूक घेऊन मोसम संपवायचा नाही. वेंडेलचा पहिला बार मी भरला होता, आमच्या बाबांचे हात तोवर कापायला लागले होते म्हणून. त्यानंतर मी कधी बंदूक भरली नाही. शेवटचा बार मात्र त्याचा राहून गेला.

८ नोव्हेंबर, शनिवार

क्लेटन होल्ट्झकडे गेलो. लाकडाच्या वखारीमागे त्यांचं बंदुकांचं दुकान आहे. म्हातारा आता फारसं ऐकत नाही, पण वेंडेलची बंदूक त्यांच्याच हातची. वेंडेल डावखुरा होता आणि मार्नीही डावखुरी आहे, तिथेच सगळी अडचण. मी भिंतीवरची एक आखूड, हलकी, स्वस्तातली बंदूक दाखवली तर होल्ट्झनी मान हलवली.

"उजव्या हाताची आहे ती. डाव्या खांद्याला लावली की चकमकीचा भडका सरळ गालावर. पोरी, काय होईल सांग बरं?"

"भुवया जातील," मार्नी म्हणाली.

"भुवया परत उगवतात. डोळे नाही उगवत."

मग त्यांनी मागून एक अर्धवट बंदूक आणली. मेपलच्या लाकडाचा दस्ता, चकमक डाव्या बाजूला, आखूड. नातीसाठी सुरू केली होती, तिला मध्येच घोड्यांचं वेड लागलं. दस्त्याचं बूड मार्नीच्या कोपराच्या बेचक्यात टेकवून त्यांनी तिचं बोट चापावर नेलं. बरोबर पोचलं. नंतर तीच गोष्ट वेंडेलच्या बंदुकीने केली. बोट हवेत राहिलं. परत देताना मार्नीने वेंडेलच्या दस्त्यावरून हात फिरवला.

वेंडेलचा बार काढून द्या असं मी होल्ट्झना सांगितलं.

"व्हर्ना, हा रानात उडवायचा असतो. तुला मी शिकवायचं का?"

"दमट पडवीत वर्ष काढलेली दारू आहे. नळी फुटली तर?"

"फुटत बिटत नाही. फार तर फुसकन विझेल."

"तुम्ही काढा हो. मी सांगतेय ना."

त्यांनी गजाला मळसूत्र लावून गोळी ओढून काढली. पांढरी चिंधी होती, आमच्या आईच्या टेबलक्लॉथची, वेंडेल तीच वापरायचा. मागून दारूची तपकिरी ढेकळं वर्तमानपत्रावर पडली. मार्नीने गोळी खिशात टाकली. होल्ट्झ बराच वेळ त्या ढेकळांकडे बघत बसले, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. गाडीत बसताना मला उगाचच वाटलं की आपण कुणाचं तरी जेवण पानावरून उचललं.

आता झोपेची गोळी घेऊन पडते. औषध चांगलं आहे, घेतलं की मेल्यासारखी झोप लागते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बंदूक भरलेली आहे.

सकाळी पडवीत लाकडं आणायला गेले, तर ती खुंट्यांवर उलटी टांगलेली दिसली. वेंडेल नळीचं तोंड नेहमी डावीकडे ठेवायचा, मीही तशीच ठेवली होती. आता ते उजवीकडे होतं. गज सोडला. दोन बोटं वर.

घरात दोन माणसं आहोत, त्यातली एक बारा वर्षांची आणि बापाच्या बंदुकीसाठी हटून बसलेली. मी काय समजायचं ते समजले. मार्नीला नाश्त्यावरून उठवून पडवीत आणली.

"हे काय आहे?"

तिने बंदुकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. सकाळी चूल साफ केली होती की काय, बोटं काळी झाली होती माझी.

"बोल ना. दातखीळ बसली?"

"मी भरली," ती म्हणाली.

"का?"

"असंच. आठवतंय का ते बघायला."

मी तिला असं फैलावर घेतलं की शेजारच्या खोऱ्यात ऐकू गेलं असेल. भरलेली बंदूक भिंतीवर टांगून ठेवायची, कुणाला न सांगता! उद्या कोणी रिकामी समजून त्यावर दुसरा बार ठासला की नळीसकट तोंड उडेल. मोसम विसर म्हणाले, बंदूक विसर. ती सगळं मान खाली घालून ऐकत राहिली. एक शब्द उलट बोलली नाही. तेच मला खटकलं, ही पोरगी गप्प बसणारी नाही.

गोळी मी स्वतः ओढून काढली. निळ्या पट्ट्यांची चिंधी निघाली, उशीच्या आतल्या खोळीला असतं तसल्या जाड कापडाची. कुठून आणली कोण जाणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

बंदुकीची दारू ठेवायचं शिंग माझ्या कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आता बघू.

मार्नी बसमध्ये झोपते. माझ्या मागच्याच बाकावर, तोंड उघडं टाकून. बाईंनीही चिठ्ठी पाठवली, वर्गात डुलक्या घेते म्हणून. रात्री काय करतेस विचारलं तर म्हणते काही नाही. आज पहाटे पाणी प्यायला उठले तर ही स्वयंपाकघरात, पडवीच्या दाराला खुर्ची लावून, घोंगडी गुंडाळून त्यातच झोपलेली. पाय दाराला टेकवलेले.

"खोलीत थंडी वाजते," म्हणाली. चुलीपासून सगळ्यात लांब तेच दार आहे.

मला वाटतं ती झोपेत चालते. बाप गेल्यावर पोरांना होतं असं. डॉक्टरांना विचारायला हवं.

माझी उशी कुठेतरी उसवली आहे, अंथरुणभर पिसं झाली होती. मांजराला खोलीत घेणं बंद केलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पडवीच्या दाराकडे तोंड करून लिहितेय.

काल मार्नी मैत्रिणीकडे राहायला गेली होती. जाताना तीनदा म्हणाली, आत्या मी जात नाही. मी म्हटलं जा, मजा कर, म्हातारीच्या तोंडाकडे काय बघत बसतेस. निघताना तिने पडवीच्या दाराची कडी लावली आणि वर खुर्ची सरकवून ठेवली. मी हसले.

आज सकाळी खुर्ची टेबलाशी होती. बंदूक उलटी टांगलेली. खाच दोन बोटं वर.

शिंग माझ्या कपाटात आहे, कुलूप लावलेलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे. मार्नी पाच मैलांवर होती, तिच्या मैत्रिणीच्या आईला मी फोन करून विचारलं, रात्रभर पोरी पत्ते खेळत होत्या.

मग मार्नीने मागच्या वेळी आपण भरली असं का सांगितलं? दिवसभर त्यावरच विचार करतेय. एकच उत्तर निघतं आणि ते मला आवडत नाही. तिला माहीत आहे बंदूक कोण भरतं. ती त्याला पाठीशी घालते आहे.

वेंडेल, तू आहेस का?

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

काल झोपण्यापूर्वी पडवीच्या फरशीवर पीठ पसरलं. चाळणीने, सारखं, केकच्या साच्यात पसरतात तसं. मार्नी बघत होती. म्हणाली, "आत्या, नको ना. उंदीर येतील." मी म्हटलं उंदीर आले तर त्यांचेही पाय दिसतील.

सकाळी पाय दिसले. अनवाणी. मार्नीचे नव्हेत, तिचं पाऊल जेमतेम माझ्या हाताएवढं आहे. मोठी पावलं, दारापासून खुंट्यांपर्यंत आणि परत. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. ही आमच्या घराण्याची ठेवण आहे, बाबांचं तसं होतं, वेंडेलचं तसं होतं, माझंही आहे. वेंडेलला आम्ही त्यावरून बदक म्हणायचो.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. भीतीने की कशाने, मला सांगता येणार नाही. मार्नी मागून आली, पीठ पाहिलं आणि केरसुणी घेऊन ती पावलं पुसून टाकली. मी ओरडले, पुसू नको. तिने ऐकलं नाही. मग गरम पाण्याचं घमेलं आणून माझे पाय धुतले, जणू मीच लहान. पीठ लागलं होतं पायांना, पायरीवर बसल्यामुळे. अंथरुणाजवळच्या पायपुसण्यावरही पीठ होतं. घरभर पसरतं ते, पुन्हा असला उद्योग करणार नाही.

"आत्या, तू घाबरू नकोस. तो काही करत नाही," ती म्हणाली.

"कोण?"

ती घमेलं घेऊन निघून गेली.

टर्की कोरडी झाली.

१ डिसेंबर, सोमवार

काडतुसाच्या बंदुकीच्या मोठ्या मोसमाचा पहिला दिवस, म्हणून शाळा बंद, बस बंद. सगळं गाव रानात. मी ठरवून टाकलं होतं. वेंडेलची बंदूक होल्ट्झना देऊन टाकायची आणि मार्नीला या वर्षी पाठवायचं नाही. मला स्वच्छ दिसतंय काय चाललंय. वेंडेल पोरीसाठी बंदूक तयार ठेवतो. रोज भरून ठेवतो. तिला ती घेऊन त्याच हेमलॉकखाली यायला सांगतो आहे. तो माझा भाऊ आहे, मी त्याच्यासाठी काय नाही केलं, पण ही पोरगी मी त्याला देणार नाही.

होल्ट्झच्या दुकानात हे सगळं मी बोलून टाकलं. म्हातारा हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. चिंध्या बघू म्हणाला. मी खिशातून निळ्या पट्ट्यांच्या चिंध्या काढून दिल्या. त्याने एक बोटांत फिरवली, मग माझा उजवा हात हातात घेतला आणि नखं पाहिली. म्हणाला, "बंदूक उलटी टांगलेली असते म्हणालीस ना? उजव्या हाताचा माणूस टांगतो तशी."

"म्हणजे वेंडेल नाही म्हणता?"

त्याने मार्नीकडे पाहिलं. तिने मान अशी हलवली, इतकी थोडी, की मला वाटलं माशी बसली असेल.

"मला आता नीट दिसत नाही, व्हर्ना," तो म्हणाला. "बंदूक कोणती घ्यायची ते पोरीला ठरवू दे."

मार्नीने मेपलची आखूड बंदूक उचलली. गेला महिनाभर तिच्याकडे बघायला तयार नव्हती.

"मी ही घेते. बाबांची विकू नका. ती आपल्या पडवीतच राहू दे."

"का? म्हणजे तो रोज येईल?"

"भरायला काहीतरी हवं ना, आत्या," ती म्हणाली. "नाहीतर कुठे कुठे शोधत फिरेल. बाहेर बर्फ आहे."

होल्ट्झ खोकत मागे गेले, मार्नीही त्यांच्यामागोमाग. काचेतून दिसलं, दोघं काही बोलत होती, मग म्हाताऱ्याने घोडागाडीची जुनी घुंगरांची पट्टी खुंटीवरून काढून तिला दिली. नाताळच्या सजावटीसाठी, असं ती गाडीत म्हणाली.

"मला जाऊ दे ना रानात. पहिला बार तू भर. तू भरलास की मी परत येणारच, असंच आहे ना आपल्यात?"

पोरगी कुठे बोट ठेवायचं ते जाणते. मी हो म्हटलं.

२० डिसेंबर, शनिवार

नवी बंदूक आली. मार्नी तिच्यावरून जवसाचं तेल फिरवत बसते. पडवीत तिच्यासाठी वेगळ्या खुंट्या ठोकल्या.

घुंगरांची पट्टी तिने माझ्याच खोलीच्या दाराला बांधली आहे. मी म्हटलं बाहेरच्या दाराला बांधतात, वेडे. म्हणे इथेच छान दिसते. दार उघडलं की अख्खं घर जागं होतं.

पायांची बोटं लाल होऊन सुजली आहेत, रात्रंदिवस खाजतात. लहानपणी बर्फात अनवाणी पळालो की असं व्हायचं. डॉक्टर म्हणाले थंडी लागली आहे. मी म्हटलं, मी बूट घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्यांनी मलम दिलं आणि झोपेच्या आणखी गोळ्या दिल्या.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज मोसम उघडला. रात्री ताजा बर्फ पडला होता.

अंधार विरळ होताना पडवीत उभं राहून मी मार्नीच्या बंदुकीत पहिला बार भरला. विसरले असेन, हात कापतील, असं धरून चालले होते. मापात दारू ओतली, चिंधी थुंकीने ओली करून नळीच्या तोंडावर ठेवली, गोळी दाबली, वरची चिंधी कापली, गज हातावर हात देत खाली नेला. एकदाही अडले नाही. वेंडेलच्या पहिल्या मोसमानंतर आजच, पण हातांना सगळं ठाऊक होतं, जणू कालच केलंय. मीच थक्क झाले.

"बघ, मुरलेला हात," मी म्हटलं.

"हो," मार्नी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. पहिला दिवस म्हटल्यावर होतं.

दाराबाहेर पडताच ती माझ्यापुढे धावली आणि पाय फरपटत, बर्फ उडवत चालायला लागली. कुंपणापर्यंत, तिथून ओढ्यापर्यंत. मी दबक्या आवाजात रागावले, हरणं काय बहिरी आहेत? बापाने हेच शिकवलं? ती थांबेना. एका ठिकाणी तिच्या बुटांनी पुसायचं राहिलं होतं तिथे मला एक पाऊल दिसलं. अनवाणी. लांब दुसरं बोट. घराकडून वर रानाकडे गेलेलं.

मी तिचा दंड धरला. "परत चल."

"नाही, आत्या. ओढ्यापाशी वळलंय ते. परत घरी आलंय. मी आणलं... मी बघितलंय."

"तू त्याला बघितलंस?"

"रोज बघते," ती म्हणाली. "तू माझ्याबरोबर चल. उजेड आहे."

हेमलॉकखाली दिवसभर बसलो. मी त्या झाडाला पाठ टेकवली नाही. हरीण आलं नाही, दुसरंही कोणी आलं नाही. थंडी अशी होती की गारठून झोप येत होती, आणि मला डुलकी लागली की मार्नी चिमटा काढायची. फार जोरात काढते.

३ जानेवारी १९८७, शनिवार

नव्या वर्षाचं डुकराचं मांस आणि आंबट कोबी अजून संपलेलं नाही.

आज हरीण आलं. मादी, अगदी जवळ. मार्नीने घोडा चढवला, चाप ओढला, बाहेरच्या वाटीतली चिमूटभर दारू भक्कन पेटली आणि संपली, आतला बार काही पेटला नाही. हरणाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, मग चरत चरत निघून गेलं. मार्नी इतकी हसली की तिला उचकी लागली. तिला असं हसताना गेल्या जानेवारीपासून पाहिलं नव्हतं. मी भरलेला बार अजून आतच आहे.

गेले काही दिवस पडवीत शांत आहे. घुंगरं मात्र कधी कधी वाजतात, झोपेत ऐकू येतात, आणि मार्नीचा आवाज येतो, "चल, परत चल, मी आहे ना." स्वप्नच ते. स्वप्नात मी कुणाला तरी काहीतरी द्यायला निघालेली असते आणि उशीर झालेला असतो.

१० जानेवारी, शनिवार

मोसमाची शेवटची संध्याकाळ. मार्नी म्हणाली, आत्या, दोन्ही बंदुका नेऊ.

वेंडेलची मी सकाळी तपासली होती. भरलेली. मला आश्चर्यही वाटलं नाही. या वेळी मी मळसूत्र लावलं नाही.

हेमलॉकपाशी मार्नीने आधी आपली उडवली, वर आभाळाकडे. धूर फांद्यांत अडकून राहिला. मग तिने मला वेंडेलची दिली. मी म्हटलं, तू उडव, तुझा बाप आहे. ती म्हणाली, "पहिला बार तू भरला होतास त्याचा. शेवटचाही तूच कर."

उजव्या खांद्याला डाव्या हाताची बंदूक. भुवया जातील, जाऊ देत. मी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, वेंडेल, रिकामी केली रे, आता घरी जा. चाप ओढला. बंदुकीने असा धक्का दिला की मी बर्फात बसले. आवाज खोऱ्यातून वर गेला, पलीकडच्या डोंगराला लागला आणि परत आला. मग बराच वेळ काही नाही. मग अजून एकदा परत आला, लांबून, जिथे डोंगर नाही तिथून. मार्नीने माझा हात घट्ट धरला. तिनेही ऐकलं.

उतरताना मी रडत होते आणि लपवलं नाही. भुवयांचा जळका वास येत होता. मार्नीने गज दोन्ही नळ्यांत सोडून दाखवला. दोन्ही खाचा तोंडाशी टेकल्या.

"संपलं?" मी विचारलं.

"संपलं असेल," ती म्हणाली. बिचारी उभ्या उभ्या झोपत होती. घुंगरं सोडून ठेवली तिने, दाराची खुर्चीही टेबलाशी लावली आणि आपल्या खोलीत जाऊन पडली. मला फार बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी या घरात आज दोघीही झोपू.

११ जानेवारी, रविवार

चांगली झोप लागली. मार्नी उशिरापर्यंत लोळत होती, मी तिला उठवलं नाही. पावांची कणीक मळायला घेतली तर बोटं काळी. ही चूल एकदा खोलून साफ करून घ्यायला हवी.

वेंडेलची बंदूक मी उठल्या उठल्या तपासली. नळीचं तोंड डावीकडे, मी ठेवली तशी. गज सोडला, खाच तोंडाशी. रिकामी. मी त्या थंड नळीला कपाळ टेकवून उभी राहिले. गेला तो. खरंच गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मार्नी आळोखेपिळोखे देत आली. होल्ट्झकडे निशाणाला जायचं आहे म्हणाली, आणि आपली बंदूक खुंटीवरून उतरवली. तशीच भरायला घेईल वाटलं, काल संध्याकाळीच तर रिकामी केली होती. पण म्हाताऱ्याने शिकवलं आहे, आधी गज. तिने गज सोडला.

तो दोन बोटं वर राहिला.

मार्नी त्या खाचेकडे बघत राहिली. मी घाबरून म्हटलं, "अगं, हे काय? आता तुझी?" तिने माझ्या हातांकडे पाहिलं, कणकेत बरबटलेल्या. मग असं काही झालं की मला त्याचा अर्थ लागत नाही. ती येऊन माझ्या गळ्यात पडली, कणकेसकट, आणि हसत होती की रडत होती कोण जाणे.

"या वेळी माझी भरलीय," ती म्हणत होती. "आत्या, या वेळी माझी."

काय ते तिलाच ठाऊक. बार तिने कुंपणापाशी जाऊन आभाळात उडवला. परत आल्यावर घुंगरं माझ्या दाराला बांधली आणि खुर्ची पुन्हा पडवीच्या दाराशी नेऊन ठेवली. या वेळी खुर्चीत तिने एक उशीही घातली आहे.